झाकली मूठ

पोटातल्या मुलाबद्दल काही ठरवायचं तर निदान त्याच्या आईला विचारावं, एवढी साधी गोष्ट. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. यंदाचं ग्रहण आपल्या घरात पाळायचं नाही, असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चहाची बशी तोंडाला लावता लावता जाहीर केलं, तेव्हा आईला सातवा महिना लागला होता आणि ती स्टोव्हला पंप मारत होती. ‘बरं,’ एवढंच ती म्हणाली. पुढे जे झालं त्यात माझी आई गुन्हेगार ठरली, माझी धाकटी बहीण प्रज्ञा पुरावा ठरली आणि मी वडिलांची लाडकी ठरले. मला गोड गोड आठवणी लिहिता येत नाहीत. ज्यांना चाळीतल्या दिवाळीचा फराळ वाचायचा असेल त्यांनी हे प्रकरण खुशाल सोडून द्यावं.

आमची खोली डिलाईल रोडला, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. मोरीशेजारी पाण्याचं पिंप, फळीवर पितळेचे डबे, वळकटीवर वळकटी. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा, त्यामुळे घरात घड्याळ नाही याचं कुणाला काही वाटायचं नाही. सकाळी आजी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, त्या थपथपीनं मला जाग यायची. सोबत सुक्या बोंबलाचं कालवण, नाहीतर सुकटीची चटणी, तीही संपली तर चहात भाकरी. अण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. घरी यायचे ते केसांत, भुवयांत कापूस घेऊन. आई त्यांना आधी गॅलरीत उभं करून पंच्यानं झाडायची आणि ते डोळे मिटून हसत उभे राहायचे. ते फार देखणे दिसायचे तेव्हा. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ते वाईट दिसणार आहेत, आणि माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं.

ग्रहणावर त्यांचा राग होता त्याला कारण होतं. ते लहान असताना ग्रहण लागलं की आजी त्यांना बखोटीला धरून गिरगावच्या गल्ल्यांतून हिंडायची. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ असं ओरडत आमच्या बायकापोरांनी फिरायचं आणि माडीवरच्या लोकांनी जुनेर, पसाभर धान्य वरून खाली टाकायचं. सूर्याची पीडा आमच्या ओटीत घातली की ते आंघोळ करून मोकळे. एकदा कुणाचा तरी जुना परकर अण्णांच्या डोक्यावर येऊन पडला आणि वरची मुलं खिदळली. अण्णांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना चाळिशी लागली होती आणि तरी त्यांचे कान लाल झाले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरातले देव गोणपाटात बांधून वरळीच्या समुद्रात सोडले. आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली तेव्हा जेवली.

चाळीतलं एकही माणूस यापुढे ग्रहणाचं दान मागायला जाणार नाही, हे त्यांनी बजावलं आणि लोकांनी मानलंही. पण तेवढ्यानं त्यांचं भागेना. लोकांना डोळ्यांनी दाखवलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. समज असा होता की गर्भारणीनं ग्रहणात चिरलं तर मुलाचा ओठ फाटतो आणि शिवलं तर बोटं जोडली जातात. अण्णा म्हणाले, मग भागी शिवेल. भागी म्हणजे माझी आई. गॅलरीत बसून, सगळ्यांच्या समोर शिवेल. आणि शिवेल काय, तर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याचा कापडी फलक. एका दगडात दोन पक्षी. बाईच्या पोटाशी आपण खेळतो आहोत असं त्यांच्या मनातही आलं नसावं, कारण ग्रहणानं काही होत नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री बरोबरच होती, हेच तर या गोष्टीतलं वाईट आहे.

चैत्र संपत आला होता. सूर्य उगवला तोच खालच्या बाजूनं कुरतडलेला. आजी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. आईला गॅलरीत पाटावर बसवलं, मांडीवर फलक पसरला, आणि दोन्ही मजले गोळा झाले. आईच्या हाताला असा कंप सुटला की सुईत दोरा जाईना. तिनं तीनदा दोऱ्याला थुंकी लावली. अण्णा हसून लोकांना म्हणाले की पोट आड येतंय तिच्या. मग मला म्हणाले, सुमे, तू ओवून दे. मी ओवून दिला. आई ग्रहण सुटेपर्यंत शिवत राहिली, एकदाही मान वर केली नाही. टाके मात्र एकसारखे पडले होते. अण्णांनी फलक उचलून धरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

प्रज्ञा आषाढात झाली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टोकापर्यंत एकाच कातडीत होती. नखं दोन, बाकी पोर गुटगुटीत. प्रसूतिगृहातून आणल्यावर आजीनं दुपटं उलगडलं, हात पाहिला आणि म्हणाली, ‘गिराणानं आपलं दान घेतलंन्.’ ही बातमी खालच्या नळापर्यंत जायला भाकरी भाजायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता जिन्यात कुजबुजायला लागले. अण्णा तीन दिवस पाळी संपली तरी उशिरा घरी येत राहिले. मला वाटलं, चुकलो म्हणतील. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि आईला म्हणाले, ‘ग्रहणानं काय होत नाय. तू भ्यालीस. हात कापत होता तुझा, सगळ्या चाळीनं बघितलाय. ती भीती पोरीच्या हातात उतरली.’

मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, नाना तऱ्हेचं अज्ञान तपासून त्याला मार्क दिले, पण याच्या तोडीचं काही पाहिलं नाही. अंधश्रद्धा पुढच्या दारानं हाकलली आणि मागच्या दारानं आणून पाटावर बसवली. ग्रहणाला दोष द्यावा तर अण्णा हरत होते, ग्रहणाला सोडावं तर कुणाला तरी धरायला हवं होतं, आणि आई हाताशी होती. आईनं त्यावर काय केलं? तिनं त्यांचं सारलेलं ताट पुन्हा पुढे केलं. मला तेव्हा तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. भित्री कुठली, असं मलाही वाटलं.

अण्णांच्या हुकमावरून प्रज्ञाचा हात कायम झाकलेला असायचा. फलकाचं थोडं कापड उरलं होतं, त्याची आईनं मनगटाला नाडीनं बांधायची एक पिशवी शिवली. मूल पिशवी चोखायचं, ती ओली व्हायची, मग दुसरी. शेजारची तानूबाई रोज पाणी भरताना विचारायची, ‘काय गो भागे, झाकली मूठ काय म्हणते?’ बघता बघता ते पोरीचं नाव पडलं. प्रज्ञा हे नाव अण्णांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, ते रेशनकार्डावर राहिलं. मी तिला कडेवर घेऊन खाली गेले की मुलं गोल करून ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणत नाचायची. पहिल्यांदा मी रडले. नंतर त्यांच्यात मिसळून म्हणायला लागले, कारण मग मला कुणी छळायचं नाही. ती आपलंच कौतुक चाललंय असं समजून टाळ्या पिटायची, पिशवीवर हात आपटून.

ती वर्षाची व्हायच्या सुमारास खोकल्यानं बेजार झाली म्हणून आई मला सोबत घेऊन परळच्या एका मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, हाताला काय झालंय. आईनं पिशवी मागे ओढली. बाईंनी स्वतःच नाडी सोडली, बोटं दाबून पाहिली, आणि माझ्या आईला पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून सांगितलं. ‘हाडं वेगळी आहेत, फक्त कातडी सुटायची राहिलीय. पण दोन्ही बोटं सारख्या लांबीची नाहीत, करंगळी शेजारच्याला खाली ओढून धरणार. दीड वर्षाच्या आत मोकळी करू या. उशीर केलात तर बोट वाकडं वाढेल, मग सोडवून उपयोग नाही. वडिलांना घेऊन या, सही लागेल.’ परत येताना आई वाटेत दोनदा थांबली आणि मला म्हणाली, फक्त कातडीच राहिलीय गो. तिला हसू आवरत नव्हतं.

अण्णांनी सही केली नाही. आईनं आधी गोडीनं विचारलं, मग भांडून, मग त्यांच्या पायांवर पोरीला घालून. ते म्हणायचे, माझ्या मुलीला काही झालेलं नाही. आता त्यांना सभांतून बोलावणी येत होती. अंधश्रद्धेवर ते छान बोलायचे, आणि बोलताना डिलाईल रोडच्या गॅलरीत ग्रहणात शिवणाऱ्या आपल्या बायकोचा दाखला द्यायचे. दूरच्या लोकांना पुढचं ठाऊक नव्हतं. इस्पितळाच्या कागदावर ‘जन्मतः व्यंग’ असं एकदा लिहिलं गेलं की त्याच्या खाली त्यांची सही असणार होती. प्रज्ञा सव्वा वर्षाची झाली, मग दोन महिने वर. आई रोज तिचं बोट आपल्या बोटाशी लावून बघायची, वाकलं की नाही.

शेवटी आईनं कुर्ल्याच्या मामाला गाठलं. मामा तिचा एकुलता एक भाऊ, रेल्वेच्या कारखान्यात फिटर, गरीब स्वभावाचा. त्यानं बाप म्हणून सही करायची, असं ठरलं. अण्णांना सांगितलं की वहिनी आजारी आहे, आठ दिवस कुर्ल्याला जाते. मला मात्र खरं सांगावं लागलं, कारण घर माझ्यावर टाकून जायचं होतं. आई म्हणाली, तुला आता अकरा पुरी झाली, तुला सगळं कळतं, म्हणून सांगते. मी मान डोलावली. वॉर्ड कुठला, खाट कुठली, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा त्यांना झाडायला मीच पंचा घेऊन उभी राहिले. मला ते फार आवडलं. त्यांनी स्वतः माझ्यासाठी ओले बोंबील तळले, तुकडे पाटावरवंट्याखाली दाबून पाणी काढून, अगदी कुरकुरीत. रविवारी शिवाजी पार्कला मोठी सभा होती, महाराष्ट्र मिळणार हे आता ठरल्यातच जमा होतं. त्या सभेत त्यांना पाच मिनिटं मिळाली होती. तू पुढच्या रांगेत बसायचं, असं त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाले, ‘तू माझी. तुझी आई भित्री, लपवाछपवी करते. तू तशी नाय.’ त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांना संशयही नव्हता. मी तोंडात बोंबील असताना सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, याची मी पुढे शंभर कारणं शोधली. खरं कारण एकच, त्या खोलीत मी आणि अण्णा दोघंच होतो आणि आजी झोपली होती आणि मला ते तसंच राहायला हवं होतं.

सकाळी ते कामावर गेले नाहीत. वॉर्ड मला ठाऊक होता म्हणून मला बरोबर नेलं आणि दाराबाहेर उभं केलं. वॉर्डाला काच होती. प्रज्ञाची पिशवी काढून हाताला पिवळं औषध फासलं होतं, उपाशी ठेवल्यामुळे ती रडून रडून हुंदके देत होती. अण्णांनी मामाकडे बोट दाखवून डॉक्टरीणबाईंना सांगितलं की या माणसाची सही खोटी आहे, बाप मी आहे. मामा खाली बघत राहिला. बाईंनी जरासुद्धा वेळ न घालवता टेबलावरचा कागद उलटा केला आणि पेन पुढे केलं. ‘मग तुम्ही करा. पाच मिनिटांत घेते तिला आत.’ अण्णांनी पेन हातात घेतलं. आई त्या पेनाकडे बघत होती. मीही बघत होते, आणि करू नका, करू नका, असं मनात म्हणत होते, कारण त्यांनी सही केली असती तर मी सांगितलं त्याला काय अर्थ राहिला असता? त्यांनी पेनाचं टोपण लावलं, ते नीट टेबलावर ठेवलं आणि मुलीला उचललं. मामा त्यानंतर आमच्या घरी कधी आला नाही.

आईनं वाटेत विचारलं, कुणी सांगितलं. अण्णा म्हणाले, मिलमधल्या एकानं पाहिलं. त्यांनी मला वाचवलं, आणि मी किती मोठी झाले म्हणून सांगू त्या वेळी. घरी पोचल्यावर त्यांनी दुसऱ्या पाळीचे लोक कामाला निघायच्या आत गॅलरीत हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. आईला पाटावर बसवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, ते मारणाऱ्यांतले नव्हतेच. म्हणाले, बोल. आई बोलेना. ते शांतपणे परत म्हणाले, बोल, म्हणजे एकदाचं मिटेल. मग माझी आई तानूबाईच्या आणि सगळ्या चाळीच्या तोंडावर म्हणाली, ‘ग्रहणानं काय झालं नाय. मी भ्याले म्हणून झालं.’ पोरीला अंगावर पाजायची वेळ होती, तिचं पोलकं भिजलं होतं, आणि ती पदर घ्यायचं विसरली होती. मी अण्णांच्या शेजारी उभी होते. मी जाऊन तो पदर सारखा करू शकले असते.

रविवारी मी पुढच्या रांगेत बसले. अण्णा सुरेख बोलले. गर्दीनं टाळ्या दिल्या, कुणीतरी मला उचलून घेतलं, परतताना अण्णांनी चणे घेऊन दिले. मला त्या दिवशी फार मजा आली. हे लिहिताना आज लाज वाटते, पण मजा आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

प्रज्ञाचं बोट हळूहळू वाकत गेलं. पाचव्या वर्षापर्यंत ते करंगळीकडे पुरतं झुकलं. अक्षर वाकडं येतं म्हणून शाळेत बाई उजव्या हातावर पट्टी मारायच्या, ती डाव्या हातानं लिहायला शिकली. पुढे नोकरी लागल्यावर ती एकटी जाऊन बोटं सोडवून आली, पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. सुटी झाली, सरळ झाली नाहीत.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या प्राध्यापिकेनं एक दिवस उबवणीतली अंडी फोडून वर्गाला दाखवली. कोंबडीच्या गर्भाचा पाय सुरुवातीला उलथन्याच्या पात्यासारखा सपाट असतो, त्याला बोटं नसतात. मग पेशी वाढतात तशाच काही पेशी मरतात. कुठल्या वाढायच्या आणि कुठल्या मरायच्या, कधी मरायच्या, याची वेळ ठरलेली असते. बोटांच्या मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, म्हणून पडदा राहतो. बाईंनी मरणाऱ्या पेशी रंगवून दाखवल्या, बोटाबोटांच्या मधे लाल पट्टे. माणसाचंही असंच, बाई म्हणाल्या, दुसरा महिना संपता संपता हात पुरा होतो. एखाद्या जागी मरण यायचं राहून गेलं की कातडी राहते, बस. दुसरा महिना. ग्रहणाच्या सकाळी आईला सातवा होता. तिनं सुई हातात घेतली त्याच्या चार महिने आधीच प्रज्ञाचा हात जसा व्हायचा तसा होऊन गेला होता. आईला आपण पोटुशी आहोत हे नुकतं कळलं असेल तेव्हा, आणि ती बहुधा खुशीत होती.

मी तडक घरी आले. बस मिळेना तर हिंदमातापासून पायी आले. आजी तोवर गेली होती. अण्णा पेपर वाचत होते, आई तांदूळ निवडत होती, प्रज्ञा पाटीवर वही ठेवून डाव्या हातानं गणितं करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, महिने बोटांवर मोजून सांगितलं. मला वाटत होतं, मी आज आईला सोडवून नेते आहे. अण्णांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे भीती पण नाय?’ मी म्हटलं, नाही, काहीच नाही, कुणाचाच दोष नाही. त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. जिन्यावर त्यांचा पाय घसरल्याचा आवाज आला, मग सावरल्याचा.

आईनं खडा वेचून बाजूला टाकला. मला वाटलं रडेल, मला जवळ घेईल. ती म्हणाली, ‘बरं झालं शिकलीस. जोडलेली आली ती कुणामुळं नाय. वाकडी राहिली ती कुणामुळं, ते आहे का तुझ्या पुस्तकात?’

दहा वर्षं मी मिलमधल्या त्या माणसाच्या आड लपले होते, आणि तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा वर्षं तिनं माझी वेणी घातली, परीक्षेला जाताना हातावर दही दिलं, फीसाठी पाटली मोडली. प्रज्ञानं वहीतून मान वर केली.

‘कुणामुळं?’ तिनं विचारलं.

आई परत तांदळात बघू लागली. ते उत्तर मलाच द्यायचं होतं. मी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोंबलासकट. माझं झाल्यावर प्रज्ञानं एवढंच विचारलं, तू तेव्हा केवढी होतीस.

‘अकरा वर्षांची,’ मी म्हटलं. ‘लहान होते गं.’

‘मी पण अकराच वर्षांची आहे, ताई,’ ती म्हणाली. ‘मी नसतं सांगितलं.’